पाच महिन्यांसाठी राऊमध्ये घर हवंय

पत्र

माझ्या यजमानांना कंपनीने पीथमपूरच्या कारखान्यात पाच महिन्यांसाठी पाठवलं आहे, डिसेंबर ते एप्रिलअखेर. आम्ही जळगावचे. मी, चार वर्षांची मुलगी आणि गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या सासूबाई, सगळेच सोबत जाणार. कंपनी घरासाठी महिन्याला १२,००० रुपये देणार आहे. इंदूरपेक्षा त्याला लागून असलेलं राऊ स्वस्त आणि पीथमपूरला जवळ, म्हणून तिथे शोधतोय. एका दलालाने सिलिकॉन सिटीत रिकामा टू बीएचके दाखवलाय: भाडं ९,५००, मेंटेनन्स ८००, दोन महिन्यांचं डिपॉझिट, दलाली एक महिना, करार अकरा महिन्यांचाच आणि सहा महिन्यांच्या आत सोडलं तर सहाव्या महिन्याचंही भाडं. सामान न्यायला टेम्पोवाला एका खेपेचे ११,००० सांगतो. दुसरा पर्याय म्हणजे मालकाकडूनच थेट मिळणारा सामानासह वन बीएचके, १४,००० रुपये, मेंटेनन्स त्यातच. तिसरी एक ऑनलाइन जाहिरात आहे, महूला टू बीएचके सामानासह फक्त ७,०००. मालक फौजेत आहेत म्हणतात, घर बघायच्या आधी ‘गेट पास’चे २,५०० मागतात, नंतर परत देणार म्हणे. यातलं कोणतं घ्यावं?
एक वाचक, जळगाव

उत्तर

ताई, आधी तिसऱ्या जाहिरातीचं सांगते, कारण तिथे तुमचे पैसे आजच जाऊ शकतात. ते पाठवू नका. महू हे छावणीचं गाव आहे, म्हणून फौजी मालक ही गोष्ट पटकन खरी वाटते आणि फसवणारे नेमका त्याचाच फायदा घेतात. वर्दीतला फोटो, कँटीनचं कार्ड, आधारची प्रत हे सगळं ते स्वतःहून पाठवतात, आणि ते दुसऱ्याच कुणाचं तरी असतं. घर बघायला पैसे लागत नाहीत. गेट पास, टोकन, व्हेरिफिकेशन फी, नाव काहीही असो. पुढची पायरी बहुधा अशी असते: ‘पैसे परत करतो, हा क्यूआर कोड स्कॅन करा.’ लक्षात ठेवा, यूपीआयवर पैसे घेण्यासाठी ना कोड स्कॅन करावा लागतो, ना पिन टाकावा लागतो. पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. पैसे आधीच पाठवले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा आणि राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार नोंदवा. तक्रार जितक्या लवकर, तितकी रक्कम मध्येच गोठवली जाण्याची शक्यता जास्त.

आता उरलेले दोन पर्याय. ९,५०० आणि १४,००० हे आकडे बाजूला ठेवा आणि पाच महिन्यांत खिशातून एकूण किती जाणार ते लिहून काढा. थोड्या मुदतीच्या घरात दरमहाचा आकडा फसवतो, कारण दलाली, टेम्पो आणि मुदतीआधी सोडल्याचा दंड हे खर्च अकरा महिन्यांऐवजी पाचच महिन्यांवर पडतात. सिलिकॉन सिटीच्या फ्लॅटचं पाच महिन्यांचं भाडं ४७,५००, मेंटेनन्स ४,०००, दलाली ९,५००, टेम्पो जाऊन-येऊन २२,०००. झाले ८३,०००. वर सहाव्या महिन्याचं भाडं ९,५००, म्हणजे ९२,५००. पाचाने भागा: महिना १८,५००. सामानाचं घर मात्र ७०,०००मध्ये संपतं, महिना १४,०००. स्वस्त वाटलेलं घर साडेबावीस हजारांनी महाग पडतंय, आणि त्यात सामान चढवणं-उतरवणं, पंखे-पडदे लावणं, इथल्या खिडकीला न बसणारा कूलर हे धरलेलंच नाही.

तरीही १४,००० तुमच्या हिशेबात बसत नाहीत, आणि चौघांना वन बीएचके अडचणीचं होईल. मी तुमच्या जागी तिसऱ्याच प्रकारचं घर शोधेन: मालक स्वतः राहतो अशा घरातला स्वतंत्र भाग, ज्यात पलंग, कपाट, पंखे, गीझर आणि ओटा आहे, पण टीव्ही-सोफा नाही. इकडे त्याला सेमी-फर्निश्ड म्हणतात. असं घर १०,०००पर्यंत मिळवायचं ठरवा. पाच महिन्यांचे ५०,०००. फ्रिज आणि वॉशिंग मशीन भाड्याने आणायला महिना १,५०० धरले तर आणखी ७,५००. एकूण ५७,५००, म्हणजे महिना ११,५००. दलालामार्फत मिळालं आणि पंधरा दिवसांची दलाली ठरली तर महिना १२,५००. वॉशिंग मशीन वगळलं की तेही आवाक्यात येतं. तुमचं सामान मग चार बॅगा, कुकर, तवा, दोन पातेली आणि अंथरूण-पांघरूण एवढंच, तेही रेल्वेने किंवा बसच्या डिकीतून येईल.

गॅसची काळजी करू नका. पाच किलोचा छोटा सिलिंडर, इंडियन ऑइलचा ‘छोटू’, ओळखपत्र दाखवून मिळतो, इथल्या पत्त्याचा पुरावा लागत नाही. जळगावचं कनेक्शन बदलून आणायच्या भानगडीत पाच महिन्यांसाठी पडू नये. सोबत एक इंडक्शन असू द्या.

जागा निवडण्यापूर्वी यजमानांना कंपनीत एकच गोष्ट विचारायला सांगा: स्टाफ बस कोणत्या रस्त्याने येते आणि कुठे-कुठे थांबते. पीथमपूरच्या बऱ्याच कारखान्यांच्या बसगाड्या इंदूरहून निघून ए. बी. रोडवरची, म्हणजे आग्रा-मुंबई रस्त्यावरची, माणसं घेत जातात. पहिल्या पाळीची बस पहाटेच येते. घर त्या थांब्यापासून चालत दहा मिनिटांत असावं; डिसेंबरच्या थंडीत अंधारात दोन किलोमीटर चालणं किंवा रोज रिक्षा, दोन्ही परवडत नाही. बस नसेल आणि मोटरसायकलने जायचं असेल तर राऊ-पीथमपूर रस्त्याच्या बाजूचा, आयआयएमकडचा भाग किंवा रंगवासा बघा. जुनं राऊ गाव आणि स्टेशनचा परिसर यात बाजार पायाखाली आणि घरं साधी. सिलिकॉन सिटी नवी वसाहत आहे, रस्ते मोकळे, मुलीला खेळायला बरं. मेडिकॅप्स विद्यापीठाच्या आसपास विद्यार्थ्यांची वस्ती दाट आहे. तिथली घरं खोली-खोलीने दिली जातात, कुटुंबाला सोयीची कमी. फक्त भाडंच बघायचं तर महूही वाईट नाही, पीथमपूर तिथूनही जवळ. पण सासूबाईंना दवाखान्यात न्यायची वेळ आली तर माणिक बाग रोडवरचं चोइथराम हॉस्पिटल राऊहून जवळ पडतं. आपल्या माणसांत राहायचं असेल तर राजेंद्र नगर. ते इंदुरात मोडतं, भाडं थोडं चढं, पण मराठी वस्ती जुनी आहे. सासूबाईंना दिवसभर बोलायला कुणी मिळणं हीही गरजच आहे, ती हिशेबात धरा.

शोध कसा घ्यायचा? ऑनलाइन जाहिरातींवरून फक्त भाड्याचा अंदाज घ्या. मालकाच्या घरातला भाग फारसा तिथे येतच नाही. तो फाटकावर लटकलेल्या ‘मकान किराए से देना है’ या पाटीवर असतो, किंवा किराणावाला, दूध डेअरी आणि इस्त्रीवाल्याच्या तोंडी असतो. जळगावात बसून उंटावरून शेळ्या हाकता येणार नाहीत; यजमानांना चार दिवस आधी पाठवा, कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये उतरू द्या आणि एक रविवार सकाळपासून पायी फिरू द्या. रविवारी मालक घरी असतात आणि जुने भाडेकरूही भेटतात. कंपनीच्या एचआरकडे पूर्वी आलेल्यांनी घेतलेल्या घरांची माहिती असते, ती मागून घ्या. सुदामा नगर, लोकमान्य नगर, वैशाली नगर, राजेंद्र नगर इथल्या मराठी मंडळींचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत. ओळखीतून एकाला निरोप गेला की दोन दिवसांत राऊपर्यंतची घरं कळतात. ‘पाच महिने, चौघांचं कुटुंब, तळमजला, राऊ किंवा राजेंद्र नगर, दहापर्यंत’ एवढ्या एका ओळीत निरोप लिहा. लांबलचक निरोप कुणी पुढे पाठवत नाही.

तळमजल्याबद्दल हट्ट धरा. इंदूरकडे मालक खाली राहतो आणि वरचा मजला भाड्याने देतो, त्यामुळे तळमजला कमी मिळतो. वीस बाय पन्नास फुटांच्या प्लॉटवरच्या घरांत जिना अरुंद असतो आणि पायऱ्या उंच. पर्याय नसेल तर एक पायरी मोजून बघा: सात इंचांपर्यंत ठीक, आठ-नऊ इंच असेल तर दुखऱ्या गुडघ्याला ते घर नको. लिफ्टची इमारत असेल तर वीज गेल्यावर लिफ्ट चालते का, ते वॉचमनला विचारा. संडास कमोडचा आहे का, हे तर फोनवरच विचारून घ्या आणि नाही म्हणाले तर पुढे जाऊ नका.

पाच महिन्यांचंच राहायचंय हे मालकाला पहिल्या वाक्यात सांगा. ताकाला जाऊन भांडं लपवलं की पुढे डिपॉझिटवरून भांडण ठरलेलंच. आणि तुमची बाजू कमकुवत नाही. राऊमध्ये घरांना खरी मागणी येते जून-जुलैत, कॉलेजं सुरू होताना. डिसेंबरमध्ये जे घर रिकामं आहे ते उन्हाळ्यापर्यंत रिकामं राहायची भीती मालकाला असते. त्याला सरळ असं सांगा: ‘एप्रिलअखेर आम्ही जाऊ, मे महिन्यात तुम्ही पुताई (रंगरंगोटी) करून घ्या, जूनला घर पुन्हा देता येईल, तोपर्यंत पाच महिन्यांचं भाडं हातात आहे.’ हे मालकाला पटतं. सोबत पहिल्या दोन महिन्यांचं भाडं एकदम द्यायची तयारी दाखवा आणि बदल्यात डिपॉझिट एकाच महिन्याचं मागा. पाचही महिन्यांचं भाडं आगाऊ देऊ नका, कितीही सूट दिली तरी. कारखान्याचं काम लवकर आटोपलं किंवा पाण्याचे हाल झाले तर गेलेले पैसे परत मागणं फार जड जातं. खाण्याचंही आधीच बोला. अंडं-मांस चालत नाही अशी घरं बरीच आहेत, आणि ते राहायला गेल्यावर कळणं दोघांनाही वाईट.

आता ‘करार अकरा महिन्यांचाच’ याबद्दल. असा नियम नाही. एक वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवणं १९०८च्या नोंदणी कायद्याने सक्तीचं आहे. ते टाळायला अकरा महिन्यांची पद्धत पडली. पाच महिन्यांचा करार तितकाच चालतो. दलालाकडे छापील मसुदा अकराचा असतो म्हणून तो तसं म्हणतो. मध्य प्रदेशात ई-स्टॅम्प सर्व्हिस प्रोव्हायडरकडे निघतो, स्टॅम्प किती रुपयांचा लागेल ते तिथेच विचारा आणि करार नोटरी करून घ्या. मालक अकरालाच अडून बसला तरी बिघडत नाही; बाहेर पडायचं कलम तुमच्या बाजूने असलं की पुरे. करार इथे हिंदीतच लिहितात, म्हणून हे वाक्य असंच उतरवून द्या: ‘किरायेदार दो माह पूर्ण होने के बाद 15 दिन की सूचना देकर मकान खाली कर सकेगा, सूचना व्हाट्सऐप पर भी मान्य होगी, और इसके बाद की अवधि का कोई किराया देय नहीं होगा।’ शेवटचा तुकडा महत्त्वाचा. तो नसला की सहाव्या महिन्याचं भाडं दुसऱ्या कलमातून परत येतं.

आणखी चार गोष्टी करारात हव्यात. डिपॉझिट चावी देण्याच्या दिवशीच परत, ‘हिसाब के बाद’ असं नको. पुताईचे पैसे कापायचे नाहीत, कारण पाच महिन्यांत भिंत रंगवण्याइतकी खराब होत नाही, आणि डिपॉझिटमधली सर्वांत नेहमीची कपात हीच असते. टँकर मागवावा लागला तर पैसे कुणाचे. आणि काम लांबलं तर त्याच भाड्यात महिन्या-महिन्याने दोन महिने वाढवता येईल, कारण कंपनीचे पाच महिने सात व्हायला वेळ लागत नाही.

करारावर सही करणारा माणूस खरोखर मालक आहे का, हे बघायला दोन कागद पुरतात: विजेचं ताजं बिल आणि मालमत्ता कराची पावती. दोन्हींवरचं नाव त्याच्या ओळखपत्राशी जुळलं पाहिजे. बिल वडिलांच्या नावावर असेल तर वडिलांशी बोला. भाडं त्याच नावाच्या खात्यात यूपीआयने द्या आणि निरोपात महिना लिहा. कंपनीला दाखवायला पावत्याही लागतील. भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं ही मालकाची जबाबदारी आहे, त्यासाठी तो आधारची प्रत आणि फोटो मागेल. द्या, पण प्रतीवर आडवं लिहा: ‘केवल किरायेदार सूचना हेतु’, आणि तारीख. माहिती दिल्याची पोच स्वतःकडेही ठेवा. मालक ‘त्याची काही गरज नाही’ म्हणत असेल तर ते घर सोडा; भाड्याचा पुरावा राहू नये असं वाटणारा माणूस डिपॉझिटच्या वेळीही तसाच वागतो.

घर बघताना माणसं फरशी आणि रंग बघतात. तुम्ही पाणी आणि मीटर बघा.

इंदुरात नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. ते मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सत्तरेक किलोमीटरवरून उपसून आणावं लागतं. राऊच्या सगळ्याच वसाहतींत ते नाही. कित्येक घरं बोरिंगवर आहेत. डिसेंबरात बोरिंगला पाणी असतंच, प्रश्न मार्च-एप्रिलचा, आणि तुम्ही तेव्हा तिथेच असणार. म्हणून मालकाला विचारू नका, शेजारणीला विचारा: ‘मार्चमध्ये टँकर मागवावा लागतो का?’ माणशी रोज १३५ लिटर हे सरकारी माप धरलं तर चौघांना रोज ५४० लिटर लागतं. एक दिवसाआड पाणी असेल तर तुमच्या वाट्याला हजार लिटरची टाकी हवी. दोन कुटुंबांत मिळून एकच पाचशेची टाकी असेल तर भांडण ठरलेलं. बोरिंगचं पाणी किती जड आहे, ते न्हाणीघरातच दिसतं: नळाच्या तोंडाशी बोट फिरवा, पांढरी खरखरीत पूड लागली की समजा गीझरच्या कॉइलवरही तीच बसली आहे. अशा ठिकाणी गीझर चालू करून पाणी किती वेळात तापतं ते बघा, आणि पिण्यासाठी आरओ आहे का तेही. आरओ नसेल तर कॅनचं पाणी लावावं लागेल, तो खर्च हिशेबात धरा.

विजेचं प्रकरण याहून मोठं, कारण तिथे पैसे गुपचूप जातात. मध्य प्रदेशात महिन्याला १५० युनिटपर्यंत वापर असलेल्या घरगुती ग्राहकाला पहिली १०० युनिट १०० रुपयांत मिळतात, अटल गृह ज्योती योजनेत. घराच्या तुमच्या भागाला कंपनीचं स्वतंत्र मीटर असेल तर हा फायदा तुमच्या बिलात दिसेल. मालकाच्या एकाच मीटरवरून सब-मीटर काढलेलं असेल तर दोन घरांचा वापर मिळून १५०च्या पुढे जातो आणि सवलत जाते, वर मालक युनिटला सरसकट दहा रुपये लावतो. फरक बघा: पहिली १०० युनिट एका घरात १०० रुपयांना, दुसऱ्यात १,०००ला. महिना ९०० रुपये म्हणजे भाडंच तेवढं वाढलं. तुमचा वापर १५०च्या आत बसू शकतो. दोन हजार वॉटचा गीझर रोज अर्धा तास चालला तर महिन्याला ३० युनिट, लहान फ्रिजला साधारण तेवढीच, बाकी दिवे-पंखे-टीव्ही. एप्रिलमध्ये कूलर लागेल तेव्हा गीझर बंद असेल. इंडक्शनवर दोन्ही वेळचा स्वयंपाक केला तर मात्र हे गणित मोडतं, म्हणून ते चहा-दुधापुरतं ठेवा. १०,०००चं सब-मीटरवालं घर आणि १०,५००चं स्वतंत्र मीटरवालं घर यात दुसरं घ्या.

सब-मीटरच असेल तर तपासायची एक सोपी रीत आहे. घरातली सगळी बटणं बंद करा, फ्रिजचा प्लग काढा आणि मीटरसमोर पाच मिनिटं उभं राहा. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लहान लाल दिवा असतो, तो वापर होईल तसा लुकलुकतो. सगळं बंद असताना तो लुकलुकत राहिला तर जिन्याचा दिवा, मालकाची पाण्याची मोटर किंवा आणखी काही तुमच्या मीटरवर जोडलेलं आहे. आरोप न करता मालकाला बोलावून तिथेच दाखवा. पुष्कळदा त्यालाही माहीत नसतं, वायरमनने सोयीची वायर ओढलेली असते. तेही काम राहायला येण्यापूर्वी करून घ्या.

चावी घेताना मीटरचा आकडा, भिंती, नळ, पलंग, गादी, खिडक्यांच्या काचा यांचा एक व्हिडिओ काढा आणि तिथल्या तिथे मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, म्हणजे तारीख आपोआप पडते. सोबत सामानाची यादी करून दोघांच्या सह्या: पंखे चार, गीझर एक, पलंग दोन असं. जुना तडा, ओल, मोडकी कडी दिसली तर तीही यादीत लिहा.

पहिल्या आठवड्यात दोन बादल्या आणा, ओल्या आणि सुक्या कचऱ्याला वेगळ्या. इकडे ते शेजारीपाजारीही मनावर घेतात. मुलीसाठी पाच महिन्यांची नर्सरी शोधताना वर्षाची फी भरू नका. घराजवळच्या प्ले-स्कूलला महिन्याच्या फीवर घ्याल का असं विचारा, डिसेंबरमध्ये त्यांच्याकडेही जागा असतात.

सिलिकॉन सिटीचा दलाल पुन्हा फोन करेल. त्याला तोडू नका, त्यालाच सांगा: पाच महिन्यांचा करार, तळमजला, सेमी-फर्निश्ड, स्वतंत्र मीटर, दलाली पंधरा दिवसांची. त्याच्याकडे अशी घरं असतात, पण वर्षभराचं गिऱ्हाईक मिळालं तर ती दाखवत नाही. आणि १४,०००वाल्या मालकालाही एकदा १२,०००ला विचारून ठेवा. डिसेंबर उजाडेपर्यंत घर रिकामंच राहिलं तर तो हो म्हणू शकतो, आणि पहिला महिना तिथे काढून पुढे सावकाश बदलता येईल, फक्त त्याच्याशी करार महिन्या-महिन्याचा करा.

एप्रिलमध्ये निघायचं नक्की झालं की १५ तारखेच्या आत व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी कळवा, तोंडी सांगितलं असलं तरीही. शेवटच्या महिन्याचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा असं मालक म्हणाला तर आनंदाने हो म्हणा. परत मागायचे पैसे तेवढे कमी झाले. निघायच्या दिवशी मीटरचा आकडा दोघांनी मिळून वाचा, विजेचे पैसे तिथेच द्या, जुना व्हिडिओ फोनवर उघडून खोल्या एकदा फिरून बघा आणि उरलेलं डिपॉझिट खात्यात आल्याचा मेसेज दिसला की मग चावी द्या.